कामाची पैसेवारी

वर्धा जिल्ह्यांतील आठ तालुक्यांपैकीं कारंजा हा एक तालुका. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा (लाड) या गांवाशीं नांवाचा घोटाळा होऊं नये म्हणून याच्यापुढें 'घाडगे' हें नांव कंसांत लिहिण्याची वहिवाट आहे. नागपूरहून अमरावतीकडे जाणार्‍या महामार्गावर हें गांव वसलें आहे. तालुक्याचें ठिकाण असल्यामुळें तहसील कचेरी, पंचायत समिती, नगरपंचायत, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणें अशीं सरकारचीं नाना अंगें तेथें एकत्र नांदतात. भोंवतालीं कापूस, सोयाबीन, तूर यांचीं शेतें आणि संत्र्यांच्या बागा. या शिवारांतला शेतकरी वर्षांतून अनेकदां त्या कचेर्‍यांची पायरी चढतो. कधीं सातबार्‍यासाठीं, कधीं मुलाच्या दाखल्यासाठीं, कधीं नुकसानभरपाईसाठीं. त्याच्या पिकाचें माप सरकार दरवर्षीं घेतें. त्या सरकारच्या कामाचें माप कोणीं घ्यावें, कसें घ्यावें, आणि तें चुकलें तर काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पिकाचें माप घेण्याच्या पद्धतीला पैसेवारी म्हणतात. पूर्वीं तिचें नांव आणेवारी होतें. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि आण्यांच्या जागीं पैसे आले. प्रमाण मानलेलें पीक म्हणजे रुपया; त्या मानानें यंदाचें पीक किती पैसे आलें, हें ठरवावयाचें. विदर्भांत खरिपाची नजर-पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित पैसेवारी ऑक्टोबरअखेर आणि अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर करण्याचा रिवाज आहे. पहिली केवळ उभें पीक डोळ्यांनीं पाहून केलेली असते. शेवटचीला मात्र पीक-कापणी प्रयोगाचा आधार लागतो. शेताचा ठराविक मापाचा तुकडा निवडावयाचा, गांवकर्‍यांच्या समक्ष तो कापावयाचा, मळावयाचा आणि धान्य तोलावयाचें. पैसेवारी पन्नासाच्या आंत आली तर जमीनमहसुलांत सूट, कर्जाचें पुनर्गठन, विद्यार्थ्यांना परीक्षा-फीची माफी अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो. पन्नासाच्या वर गेली तर तो बंद होतो. २०१६ सालीं केंद्र सरकारनें दुष्काळासाठीं नवी संहिता केली आणि पाऊस, जमिनींतील ओल, उपग्रहांतून दिसणारी पिकांची हिरवाई हीं नवीं मापें पुढें आलीं. तरीहि पैसेवारी हा शब्द गांवच्या बोलण्यांतून गेलेला नाहीं.

या जुन्या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे, आणि ती सर्वस्वीं अनाठायीं नाहीं. तथापि मापनाचे चार मूलभूत नियम तिच्यांत सांठविलेले आहेत. पहिला नियम असा कीं, नजरेचा अंदाज आणि तराजूचा तोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवर भागवून दुसरी टाळतां येत नाहीं. दुसरा असा कीं, तोलावयाचा तुकडा ज्याच्या लाभाचा त्यानें निवडावयाचा नाहीं. तिसरा असा कीं, तोल चारचौघांच्या समक्ष व्हावयाचा. आणि चौथा असा कीं, मापाच्या शेवटीं कांहीं परिणाम झाला पाहिजे. ज्या मापानें कोणाचें कांहीं बरेंवाईट होत नाहीं, तें माप कोणी मनापासून घेत नाहीं. सरकारी कामाच्या मापनाची कथा ही बहुतांशीं या चार नियमांच्या पालनाची आणि भंगाची कथा आहे.

दुकानदाराला आपल्या धंद्याचें माप शोधावें लागत नाहीं. दिवेलागणीनंतर गल्ला मोजला कीं दिवस कसा गेला तें कळतें. गिर्‍हाईक नाराज झालें तर तें समोरच्या दुकानांत जातें आणि त्याची वार्ता गल्ल्यालाच कळते. तहसील कचेरीला गल्ला नाहीं आणि समोर दुसरी तहसील कचेरीहि नाहीं. तेथून नाराज होऊन निघालेला माणूस दुसर्‍या दिवशीं पुन्हां तेथेंच येतो. म्हणून तेथें गर्दी दिसली तर ती कामाच्या चोखपणामुळें आहे कीं कामाच्या खोळंब्यामुळें, हें नुसत्या गर्दीवरून सांगतां येणार नाहीं. दुकानाची गर्दी आणि कचेरीची गर्दी यांचे अर्थ उलट असूं शकतात. सार्वजनिक कामाचें मापन अवघड होण्याचें मूळ कारण हें आहे.

हें अवघड काम सोपें करण्यासाठीं तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: खर्च, काम आणि फळ. ग्रामीण रुग्णालयाचें उदाहरण घेतां येईल. औषधांवर किती रुपये गेले, हा खर्च. बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहींत किती नांवें चढलीं, हें काम. आणि त्या गांवांतील माणसें कमी आजारी पडूं लागलीं काय, बाळंतिणी सुखरूप घरीं परतल्या काय, हें फळ. खर्चाचा आंकडा मार्चअखेर आपोआप मिळतो. कामाचा आंकडा नोंदवहींतून काढतां येतो. फळाचा आंकडा मात्र कचेरीच्या बाहेर, लोकांच्या घरांत शिरून शोधावा लागतो, आणि तो पिकावयास वर्षें लागतात. ज्याला जें सहज मिळतें तेंच तो मोजतो, या मनुष्यस्वभावानें सरकारांनीं दीर्घकाळ खर्चच मोजला. निधि पूर्ण खर्च झाला म्हणजे खातें कार्यक्षम, असा समज रूढ झाला. महाराष्ट्रांत निरनिराळ्या खात्यांचीं कार्यक्रम-अंदाजपत्रकें निघूं लागलीं तीं खर्चाला कामाची जोड देण्यासाठीं; आणि २००५ सालीं केंद्र सरकारनें प्रथमच फलनिष्पत्तीचें अंदाजपत्रक संसदेपुढें मांडलें तें कामाला फळाची जोड देण्यासाठीं. पाऊल योग्यच होतें. परंतु कागदावर तिसरा रकाना आंखला म्हणजे तो भरण्याची विद्या आली, असें होत नाहीं.

याचें मोठें उदाहरण महाराष्ट्राच्याच पाण्याच्या कामांत सांपडतें. डिसेंबर २०१४ मध्यें राज्यांत जलयुक्त शिवार अभियान सुरूं झालें. दरवर्षीं पांच हजार गांवें याप्रमाणें २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करावयाचें, असा संकल्प होता. नाले खोल झाले, बंधारे झाले, शेततळीं झालीं, जुन्या तलावांतील गाळ निघाला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनीं या अभियानाची तपासणी केली आणि त्यांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्यें विधिमंडळापुढें आला. त्यांत ९,६३३ कोटी रुपयांचा खर्च आणि ६ लाखांहून अधिक कामें यांची नोंद आहे. खर्चाचा रकाना भरलेला होता. कामाचाहि भरलेला होता. तपासनीसांनीं नागपूरसह सहा जिल्ह्यांतील १२० गांवें निवडून फळाचा रकाना पाहिला. भूजलाची पातळी वाढविण्यांत आणि गांवें पाण्यानें स्वयंपूर्ण करण्यांत अभियानाचा परिणाम अल्प झाला, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. तपासलेल्या पुष्कळ गांवांत निर्माण झालेला सांठा हा गांवच्या आराखड्यांत धरलेल्या गरजेला पुरणारा नव्हता, तरी कांहीं गांवें 'जलपरिपूर्ण' म्हणून जाहीर झालीं होतीं. आणि टँकर धांवतच होते.

अभियानाच्या पुरस्कर्त्यांनीं यावर पिकांच्या वाढीचा दाखला दिला, विरोधकांनीं टँकरांचा दाखला दिला, आणि वाद राजकारणांत शिरला. त्या वादांत न शिरतांहि एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन्ही पक्ष वाद करूं शकले याचें कारण, कोणत्या विहिरीची कोणत्या महिन्यांतली पातळी पाहून यशापयश ठरवावयाचें, हें पहिली कुदळ मारण्यापूर्वीं सर्वांच्या संमतीनें ठरलेलें नव्हतें. माप आधीं ठरलें नाहीं म्हणजे प्रत्येक जण मागाहून आपल्या सोयीचें माप घेऊन येतो. शिवाय पावसाचा प्रश्न आहेच. पाऊस चांगला झालेल्या वर्षीं भरलेली विहीर ही बंधार्‍याची करणी कीं आभाळाची, हें सांगावयाचें तर बंधारा न झालेल्या शेजारच्या गांवाची विहीरहि मोजली पाहिजे. ती कोणी मोजीत नाहीं. कारण तेथें कोणाचें काम झालेलें नसतें, आणि म्हणून कोणाला फोटो काढावयाचा नसतो.

कारंजाच्या शेजारीं आर्वी तालुका आहे. त्यांतील काकडदरा या छोट्या गांवानें २०१७ सालीं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेंत राज्यांत पहिला क्रमांक मिळविला. ही स्पर्धा सरकारी नव्हती, परंतु मापनाच्या दृष्टीनें तिच्यापासून शिकण्यासारखें आहे. गुण कशाला आणि किती, हें गांवांना आरंभींच माहीत होतें. गांवकर्‍यांना आधीं शिक्षण मिळालें आणि मग काम. उन्हाळ्यांतील सहा-सात आठवड्यांच्या ठराविक मुदतींत श्रमदान व्हावयाचें आणि गांवाबाहेरच्या माणसांनीं तें मोजावयाचें. म्हणजे पैसेवारीच्या चार नियमांपैकीं चारहि तेथें पाळले गेले. तथापि त्या स्पर्धेंतहि मोजलें गेलें तें प्राधान्यानें कामच. खणलेल्या चरांत पाणी किती काळ टिकतें, हें फळ पुढच्या अनेक उन्हाळ्यांनींच सांगावयाचें असतें. बक्षिसाचा दिवस आणि फळाचा दिवस एक नसतो, ही गोष्ट बक्षीस देणार्‍यानें आणि घेणार्‍यानें, दोघांनींहि विसरतां कामा नये.

ही विस्मृति किती महाग पडते, हें ग्रामस्वच्छतेच्या चळवळींत दिसलें. २००० सालीं आर. आर. पाटील हे ग्रामविकासमंत्री असतांना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरूं झालें. सरकारनें पैसे वाटण्याऐवजीं गांवांत चुरस लावली आणि गांवें हातांत झाडू घेऊन पुढें आलीं. अल्प खर्चांत एवढें लोकजागरण क्वचितच झालें असेल. पुढें २००३ मध्यें केंद्र सरकारनें निर्मल ग्राम पुरस्कार ठेवला, आणि त्यांत महाराष्ट्रांतील कित्येक हजार गांवें अग्रभागीं राहिलीं. जनगणनेप्रमाणें ग्रामीण महाराष्ट्रांत संडास असलेलीं घरें २००१ सालीं शेंकडा १८ होतीं, तीं २०११ सालीं शेंकडा ३८ झालीं. दहा वर्षांत दुपटीहून अधिक, ही प्रगति खरी आहे आणि ती नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु निम्म्याहून अधिक घरांत तोंवर संडास नव्हता, हेंहि तेंच कोष्टक सांगतें. पुरस्कार मिळालेल्या कांहीं गांवांत लोक पुन्हां उघड्यावर जाऊं लागल्याचें पुढील पाहण्यांत आढळून आलें. तपासणी-समिती यावयाची त्या दिवशीं गांव स्वच्छ असणें आणि समिती गेल्यावरहि तें स्वच्छ राहणें, यांतला फरक मोजणारें माप पुरस्काराजवळ नव्हतें.

येथवर अपुर्‍या मापाची गोष्ट झाली. याहून भयंकर गोष्ट आहे ती मापच मालक होऊन बसण्याची. १८६२ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो यांनीं शाळांचें अनुदान मुलांच्या परीक्षेवर बांधलें. तपासनीस येई, वाचन, लेखन व गणित यांत प्रत्येक मुलाची परीक्षा घेई, आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेला पैसे मिळत. सरकारचा प्रत्येक शिलिंग वसूल व्हावा, हा हेतु निर्मळ होता. परिणाम असा झाला कीं, मुलें क्रमिक पुस्तक तोंडपाठ म्हणूं लागलीं; इतिहास, भूगोल, गाणें यांना अनुदान नाहीं म्हणून ते विषय मागें पडले; आणि मंद मुलांकडे शिक्षकानें पाहावें तें ओझें म्हणून. कवि व टीकाकार मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. त्यांनीं या पद्धतीला कडाडून विरोध केला. तरी ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. मुंबई इलाख्यांतील अनुदानित शाळांनाहि निकालावर पैसे देण्याची पद्धत लागू झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती मोडीत निघाली. शिक्षकांना निकालाचा शेंकडा दाखवून धारेवर धरण्याची संवय मात्र कायद्याबरोबर गेली नाहीं.

शाळेंत मापाच्या चुकीनें पाठांतर वाढतें. इतरत्र माणसाच्या देहालाच इजा होते. आणीबाणीच्या काळांत, १९७६-७७ या एका वर्षांत, देशांत सुमारें ८२ लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्टाचा आंकडा वरून खालीं उतरत गेला आणि शेवटीं शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्या डोक्यावर बसला. अमुक इतक्या 'केसेस' आणा, नाहीं तर पगार थांबेल, बढती थांबेल, असे हुकूम निघाले. कुटुंबाचें कल्याण हा मूळ हेतु. त्याची खूण म्हणून शस्त्रक्रियांची संख्या धरली. आणि पुढें ती संख्याच हेतु झाली. ज्यांना गरज नव्हती असे वृद्ध आणि अविवाहित तरुणहि त्या संख्येंत भरती झाले. महाराष्ट्र विधिमंडळानें तर १९७६ मध्यें सक्तीचें विधेयकहि मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें अमलांत आलें नाहीं. आणीबाणी उठली तरी उद्दिष्टांची पद्धत चालूच राहिली, आणि ती देशभर मागे घेतली गेली ती एप्रिल १९९६ मध्यें. आंकड्याला माणसावर बसवावयास एक हुकूम पुरतो. त्याला खालीं उतरवावयास वीस वर्षें लागतात.

चुकीच्या मापाचें एक सौम्य उदाहरण खुद्द कारंजा तालुक्यांतच आहे. हेटीकुंडी येथें गवळाऊ जातीच्या गुरांचें सरकारी पैदास-केंद्र आहे. गवळाऊ ही वर्धा-नागपूरच्या टापूंतील जुनी जात. अंगानें सडपातळ, पायानें चपळ, कमी चार्‍यावर आणि कडक उन्हांत तग धरणारी. हिचा बैल दुडक्या चालीनें गाडी ओढण्यांत नांवाजलेला. आतां या केंद्राच्या कामाचें माप काय धरावें? दररोजचें दूध किती लिटर, हें माप धरलें तर हें केंद्र परदेशी संकरित गाईंच्या कोणत्याहि गोठ्यापुढें नापास ठरेल. आणि केंद्राच्या अधिकार्‍याला पास व्हावयाचें असेल तर त्यानें गवळाऊ काढून दुसर्‍या गाई बांधाव्या, हाच शहाणपणा ठरेल. शुद्ध जातीच्या किती कालवडी आणि किती वळू टिकले, आणि भोंवतालच्या गांवांतील गोपालकांकडे ते किती पोंचले, हें माप धरलें तर चित्र पालटेल. संस्था कशासाठीं काढली, हें विसरून तिचें माप घेणारा मनुष्य तिचें मापन करीत नाहीं. नकळत तिचा उद्देश बदलतो. म्हणून मापाचा तराजू उचलण्यापूर्वीं संस्थेच्या स्थापनेचा कागद उघडून वाचावा, हें बरें.

मग सामान्य नागरिकाला समजेल असें, सहज फसवितां न येणारें माप कोणतें? त्यांतल्या त्यांत उत्तम माप म्हणजे वेळ. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं त्या वेळच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनीं आपल्या कचेरीची मांडणीच बदलली. कोणतें काम कोणाकडे आहे, त्याचे टप्पे किती, कागद आज कोणाच्या टेबलावर आहे, हें येणार्‍याला दिसावें, अशी ती रचना होती. 'लखिना पॅटर्न' या नांवानें ती देशभर गाजली. पुढें २०१७ च्या सुमारास पुणें विभागांत 'झिरो पेंडन्सी'ची मोहीम निघाली. कागदांचे सहा गठ्ठे लावावे, रोजचा कागद रोज निकालीं काढावा, हा तिचा आग्रह होता. आणि २०१५ सालीं राज्यानें महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम करून वेळेला कायद्याचें बळ दिलें. अधिसूचित सेवा ठराविक दिवसांत मिळणें हा नागरिकाचा हक्क झाला. ती न मिळाल्यास खात्यांतच पहिलें व दुसरें अपील आणि त्यानंतर आयोगाकडे तिसरें अपील करतां येतें. कसूर करणार्‍या अधिकार्‍याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. कामाची पैसेवारी करण्याचा अधिकार या कायद्यानें प्रथमच अर्जदाराच्या हातीं ठेवला.

परंतु घड्याळालाहि फसवितां येतें. मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्या दिवसापासून. खेड्यांतून आलेली एखादी विधवा निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन येते. एक कागद कमी आहे म्हणून तिला तोंडीं परत पाठविलें, तर तिचा अर्ज दाखलच झाला नाहीं आणि घड्याळ सुरूंच झालें नाहीं. कचेरीच्या तक्त्यांत प्रलंबित प्रकरणें शून्य राहतात, आणि ती बाई मात्र तिसर्‍यांदा एस्‌. टी. चें भाडें मोडून येते. तसेंच कागद निकालीं काढण्याचा सर्वांत जलद उपाय म्हणजे त्यावर एक त्रुटि काढून तो परत पाठविणें. असा निकाल हा निकाल नव्हे, परंतु तक्त्यांत दोघांची नोंद सारखीच होते. यास्तव वेळेच्या मापाबरोबर आणखी एक माप अवश्य जोडलें पाहिजे: एका कामासाठीं माणसाला कचेरींत किती खेपा घालाव्या लागल्या? हा आंकडा कोणत्याहि नोंदवहींत नसतो. तो दारांतून बाहेर पडणार्‍या माणसालाच विचारावा लागतो. दर महिन्यास अशा शंभर माणसांना, कचेरीशीं संबंध नसलेल्या कोणीं, ही एकच गोष्ट विचारली तरी तालुक्याच्या कारभाराचें जें चित्र उभें राहील, तें रंगीत अहवालांच्या ढिगानें राहणार नाहीं.

माप कोणीं घ्यावें, या प्रश्नाचें एक उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनीं फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर शिक्षण-आयोगाला सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळांच्या तपासणीवर नेमका दोष दाखविला. वर्षांतून एकदां येणार्‍या तपासनीसाचा उपयोग फारसा नाहीं. तपासणी निदान दर तीन महिन्यांनीं व्हावी, आणि शिवाय आगाऊ सूचना न देतां अधूनमधून शाळांना भेटी द्याव्या, असें त्यांचें म्हणणें होतें. सूचना देऊन केलेली तपासणी ही तयारीची तपासणी असते. न सांगतां केलेली तपासणी ही कामाची. नजर-पैसेवारी आणि कापणी-प्रयोग यांत जो फरक, तोच हा.

अलीकडे, २०२५ च्या जानेवारींत, राज्य शासनानें शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम हातीं घेतला. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रारनिवारण, कार्यालयांतील सोयी, गुंतवणुकीला उत्तेजन आणि क्षेत्रीय कार्यालयांना भेटी अशा सात बाबींवर कचेर्‍यांना गुण द्यावयाचे होते. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे सोंपविलें आणि त्या वर्षीच्या महाराष्ट्रदिनीं निकाल जाहीर झाले. परीक्षक बाहेरचा असावा आणि गुण उघड असावे, या दोन गोष्टी येथें मान्य झाल्या, ही समाधानाची बाब आहे. आतां पाहावयाचें तें इतकेंच कीं, शंभर दिवसांत रंगविलेली भिंत आणि आवरलेलें दप्तर यांची स्थिति हजाराव्या दिवशीं काय असते. भिंतीपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या भिंतीआड बसलेल्या माणसाची वागणूक. ती संकेतस्थळावर दिसत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मापांत इतके धोके असतील तर माप घेऊंच नये. कर्तव्यदक्ष मनुष्य मापावांचूनहि काम करतो आणि कामचुकार मापालाहि चकवितो. हा युक्तिवाद ऐकावयास उदार वाटतो, परंतु त्याचा तोटा कोणाला होतो तें पाहिलें पाहिजे. माप नसलें म्हणजे ओळखीचें राज्य सुरूं होतें. ज्याची ओळख आहे, ज्याला बोलतां येतें, ज्याच्याजवळ मोटार आहे, त्याचें काम मापावांचूनहि होतें. ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं त्याला मुदतीचा तक्ता, अर्जाची पोंच आणि जाहीर झालेला आंकडा एवढाच आधार असतो. मापन हें दुबळ्याचें हत्यार आहे. म्हणून तें टाकून न देतां तें चोख ठेवणें जरूर आहे.

तें चोख ठेवण्याचें काम केवळ सरकारचें नाहीं. पंचायत राज्याची स्थापना १ मे १९६२ रोजीं झाली, तेव्हांपासून जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि गांवची ग्रामसभा हीं मापाचीं घरें लोकांच्याच हातांत आहेत. ग्रामसभेंत हिशेब वाचला जातो तेव्हां, किती खर्च झाला, या प्रश्नावर सभा बहुधा संपते; काय काम झालें, हा प्रश्न एखादा विचारतो; आणि त्या कामानें काय पालटलें, हा तिसरा प्रश्न विचारावयास कोणी उरत नाहीं. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांची स्थिति याहून बरी आहे असें नाहीं. खात्यांचीं कार्यक्रम-अंदाजपत्रकें आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल आज कोणालाहि घरबसल्या वाचावयास मिळतात. ते वाचणारा वर्ग तो हाच. परंतु तो परीक्षांचे निकाल आणि क्रिकेटचे आंकडे जितक्या बारकाईनें पाहतो, तितक्या बारकाईनें आपल्या नगरपालिकेचा ताळेबंद पाहत नाहीं.

कापणी-प्रयोगाच्या वेळीं शेतांत उभा असलेला शेतकरी तराजूच्या कांट्यावरची नजर क्षणभरहि हलवीत नाहीं. कारण त्या कांट्यावर त्याचें वर्ष टांगलेलें असतें. सरकारी कामाच्या कांट्यावर सर्वांचींच वर्षें टांगलेलीं आहेत. तेथेंहि तितक्याच लक्षपूर्वक पाहणारीं माणसें उभीं राहिलीं, तर तोल चुकविणार्‍याला तो चुकवितां येणार नाहीं, आणि चोख काम करणार्‍या अधिकार्‍याला आपलें श्रम मातीमोल झाल्याची खंत बाळगावी लागणार नाहीं.